दारासमोरचा खांब

बायको जाऊन दीड वर्ष झालं. लोक अजून येतात, ओट्यावर बसतात, चहा पितात आणि म्हणतात, "फार शांत बाई होती हो." माझाच चहा पिणाऱ्याशी कुठं वाद घालत बसू? पण शांत कोण? ती? तिनं एकदा विजेच्या खांबाशी भांडण काढलं होतं आणि ते निभावलं. ते कोणी सांगत नाही, म्हणून मी लिहून ठेवतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तर दयाळू होते म्हणून. शुद्धलेखन बघू नका, गोष्ट बघा.

राज्यं नव्यानं आखली आणि आपलं बुऱ्हाणपूर नागपूरकडून सुटून भोपाळकडे गेलं, त्याच्या आसपासची ही गोष्ट. मी जिनात कापूस तोलायची तोलारी करायचो. आम्ही नवरा-बायको मोठ्या भावाच्या घरी राहत होतो. घर कसलं, वहिनीचं राज्य होतं. वहिनी मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांना दर घटकेला हाक मारायची सवय. "अगं, ऐकलंस का?" माझी बायको पाणी भरायला गेली की हाक, बसली की हाक, माझ्याशी दोन शब्द बोलायला लागली की तर हमखास हाक. सहा वर्षं लग्नाला झाली होती आणि आमचं एकही बोलणं शेवटपर्यंत गेलेलं नव्हतं. मी अर्धं सांगितलं की ती उठून जायची, आणि परत येईपर्यंत मी झोपलेला.

म्हणून लोधीपुऱ्यात गल्लीच्या शेवटी जागा घेतली आणि तीन खोल्या बांधायला काढल्या. मातीच्या गाऱ्यातल्या विटा, वर कौलं. बायकोनं एकच अट घातली. "वीज पाहिजे. त्या घरात कंदील आणायचा नाही. कंदील म्हटलं की मला जाऊबाईंची हाक ऐकू येते. रोज काच पुसली का विचारायच्या."

समोरच्या बाजूला एक विणकर चाचा राहायचे. त्यांच्या घरात विजेवरचे दोन माग होते, दिवसभर खडखड. त्यांनी आपणहून सांगितलं, "अरे बेटा, दफ्तर के चक्कर क्यों काटते हो? मेरे यहां से एक तार खींच लो. दो बत्ती से मेरा क्या जाता है?" मला पटलं. फुकटात काम होत होतं. पण बायको म्हणाली, "दुसऱ्याच्या घरातला उजेड सहा वर्षं पाहिला. आता आपलं मीटर पाहिजे." चाचांना वाईट वाटेल म्हणून मी त्यांना सांगितलं की बायकोला मीटर फिरताना पाहायची हौस आहे. चाचा म्हणाले, "हमारा वाला देख जाया करे."

मग विजेच्या ऑफिसात गेलो. अर्ज मराठीत लिहून नेला होता. बाबू म्हणाला, आता हिंदीत आणा. हिंदीत नेला तर दुसरा बाबू म्हणाला, मराठीतला पण राहू द्या, अजून काय ते पक्कं नाही. मी दोन्ही दिले आणि विचारलं, हवा असेल तर अहिराणीतही आणतो. तो हसला नाही. त्यानं विचारलं, "कनेक्शन किसका? लाइट, पंखा या पावर?" मी म्हटलं, "बायको." तो माझ्याकडे पाहतच राहिला. मला म्हणायचं होतं की हे बायकोला विचारून सांगतो, पण घाईत तेवढंच तोंडातून निघालं.

बायकोनं ठरवलं, तीन बत्त्या. एक चुलीपाशी, एक मधल्या खोलीत, एक बाहेर दाराशी. चुलीपाशी बल्ब नेमका कुठं टांगायचा ह्यावरून तिनं वायरमनला रडकुंडीला आणलं. भर दुपारी खिडकीला पोती लावून अंधार केला. चूल अजून घातलेली नव्हती, तरी ती त्या जागी बसली, समोर परात उपडी ठेवली, तिलाच तवा समजली आणि भाकरी थापायचे हात करू लागली. तेवढ्यापुरता कंदील चालवून घेतला आणि तो बांबूला बांधून मला वर धरायला लावला. "इकडं घ्या. माझ्या डोक्याची सावली तव्यावर पडते. अजून इकडं. आता हाताची पडते." वायरमन म्हणाला, "बाई, सावली तो कहीं ना कहीं पडेगीच." ती म्हणाली, "पडू दे ना, पण ह्यांच्या ताटावर पडू दे." शेवटी कौलांच्या आढ्याला तिरकी लाकडी पट्टी मारून तिथून तार खाली सोडली. वायरमन म्हणाला, असली बत्ती मी आजवर कुणाकडे लावलेली नाही. बांबू धरून माझ्या बगला भरून आल्या होत्या.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग खांब आला.

विजेचे खांब चाचांच्या घरापर्यंतच होते. आमच्यासाठी आणखी एक लागणार होता. चैत्रात एक दिवस लाइनमन माणसं घेऊन आला, पावलं मोजली, खड्डा खणला आणि रेल्वेच्या जुन्या रुळाचा खांब आमच्या दाराच्या बरोब्बर मधोमध उभा करून गेला. दारात उभं राहून नाकासमोर पाहिलं की खांब. मला काही वाटलं नाही. खांब तो खांब. उलट मी खुशीत बायकोला बोलावून दाखवला.

तिनं एकदा पाहिलं आणि तिथंच थांबली. "द्वारवेध," ती म्हणाली.

"काय?"

"दारासमोर खांब आला की वेध लागतो. माझ्या काकांच्या दारासमोर पिंपळ होता. काय झालं माहीत आहे ना?"

"काय झालं?"

"काका गेले."

"अगं, तुझे काका नव्वदीत गेले."

"पण गेले ना?"

भटजींना विचारायला आम्ही दोघंही गेलो. भटजींनी डोळे मिटून सांगितलं की वेध आहे खरा, पण खांब आणि दार ह्यांच्यात चार हातांचा फरक पडला की वेध सुटतो. घरभरणीचा मुहूर्त त्यांनी वैशाखात अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, काढून दिलेला होता. हा चुकला तर तुमच्या राशीला एकदम कार्तिकात, असंही सांगितलं. कार्तिक म्हणजे आणखी सहा महिने वहिनीच्या हाका. शिवाय वहिनींनी आम्ही जाणार म्हणून आमच्या खोलीत मिरच्यांची पोती रचायला सुरुवातही केली होती. रोज शिंकत उठायचो.

घरी येताना बायको म्हणाली, "मी त्या खांबासमोरून आत पाय टाकणार नाही. सांगून ठेवते."

मी म्हटलं, "खांब ऑफिसचा आहे, मी काय उपटून टाकू? आणि तू ऑफिसात तोंड घालायला जाऊ नकोस, लोक हसतील."

"मग दार सरकवा."

"मी माझ्या घराची एक वीट हलवणार नाही!" हे मी गल्लीत उभं राहून मोठ्यानं बोललो. चाचांनी ऐकलं, गवंड्यानं ऐकलं, दूधवाल्यानंही ऐकलं. राग आला की माझा आवाज जिनातल्या भोंग्यासारखा होतो. त्यानंतर ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली आणि अखाजीला माहेरी, धूलकोटला, निघून गेली. आमच्याकडे अखाजीला पोरीबाळी माहेरी जातातच, पण ह्या वेळी जाताना तिनं पेटीतलं चांगलं लुगडंही काढून नेलं. ती गेल्यावर मी पेटी दोनदा उघडून पाहिली.

चार दिवस मी वहिनीच्या हातचं जेवलो. पाचव्या दिवशी गवंड्याला जाऊन म्हटलं, "चल, दार सरकवायचंय." गवंडी म्हणाला, "मालक, एक वीट हलवणार नाही म्हटलं होतं ना?" मी म्हटलं, "एक नाही, पुष्कळ हलवायच्या आहेत. चल."

एका बाजूला चुलीची जागा होती, तिथं दार जाऊ शकत नव्हतं. म्हणून दुसरीकडं, ताप्ती नदीच्या बाजूला चार हात मोजले. हात माझा धरला, कारण गवंड्याचे हात आखूड होते. भिंत फोडली, चौकट उखडून तिकडं बसवली, जुनी जागा विटा आणि गाऱ्यानं बुजवली. तीन दिवस गेले. खांब आता दाराच्या बाजूला गेला, समोर मोकळं आभाळ. मी उभा राहून पाहिलं आणि मलाच माझं कौतुक वाटलं. बायकोला सांगायचं नाही असं ठरवलं. एकदम दाखवायचं. गावासमोर केलेली प्रतिज्ञा मोडली होती, त्याची लाज होती, पण तिचं तोंड कसं होईल ते पाहायची हाव जास्त होती.

दुसऱ्या दिवशी तिला आणायला धूलकोटला गेलो. जावई म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. मांडे खाल्ले. बायको हसतमुख. मी चकित झालो, मला वाटलं होतं भांडी आपटेल. येताना मोटारीत शेजारी बसलो तर ती आपल्याशीच हसत होती. मीही हसत होतो.

"काय झालं हसायला?" मी विचारलं.

"काही नाही. तुम्हाला काय झालं?"

"काही नाही."

"घराचं काही नवीन?"

"काय नवीन असणार? खांब तिथंच आहे," मी म्हटलं.

हे ऐकून ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की पुढच्या बाकावरची म्हातारी वळून पाहू लागली. मला वाटलं, हिला वेड लागलं की काय. असं वाटलं तरी माझंही हसू थांबेना, कारण मला माहीत होतं ते तिला माहीत नव्हतं.

लोधीपुऱ्यात उतरलो. गल्लीच्या टोकाशी ती म्हणाली, "अहो, डोळे मिटा." मी म्हटलं, "तू मीट." शेवटी दोघांनी डोळे मिटले आणि एकमेकांचा हात धरून आंधळ्यांसारखे चाललो. पाच-सात पावलं टाकून दोघांनी एकदमच उघडले.

दार ताप्तीच्या बाजूला चार हात सरकलेलं होतं. खांबही ताप्तीच्या बाजूला चार हात सरकलेला होता. नव्या दाराच्या बरोब्बर मधोमध, बुडाशी सिमेंट ओतलेला, वर तारा ओढलेल्या, रुबाबात उभा.

"हे दार कोणी हलवलं?" ती ओरडली.

"हा खांब कोणी हलवला?" मी ओरडलो.

आणि मग दोघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली.

तेव्हा कळलं. माहेरी जायच्या आधी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती विजेच्या ऑफिसातल्या ओव्हरशियरच्या घरी गेली होती. ओव्हरशियर नागपूरकडचे, बाई मराठी, दोघींचं जमायचं. आंब्याची डाळ खाता खाता हिनं तिला खांबाचं सगळं सांगितलं, आणि त्या बाईनं रात्रीच्या जेवणाला नवऱ्याकडून कबूल करून घेतलं. चार हात सरकवायचा, भटजी म्हणाले तसा. एका बाजूला मोरी होती, म्हणून ताप्तीकडे. मी ऑफिसात जाऊ नको म्हटलं होतं, तर ती ऑफिसात गेली नाही, ओव्हरशियरच्या घरी गेली. मी धूलकोटला मांडे खात होतो तेव्हा लाइनमननं कागदावर लिहिल्याप्रमाणे काम पुरं केलं.

चाचा ओट्यावर बसून हे सगळं पाहत होते. मी विचारलं, "चाचा, तुम्ही लाइनमनला सांगितलं का नाही? दार इथं आलंय म्हणून?"

चाचा म्हणाले, "बेटा, मैंने देखा, पहले तुमने दरवाज़ा खिसकाया. फिर दफ्तर वालों ने खंबा खिसकाया, ठीक दरवाज़े के सामने. मैंने सोचा, मियां-बीवी को खंबा बहुत पसंद है."

ऑफिसात धावत गेलो. ओव्हरशियरची बदली झाली होती. त्या दिवसांत सगळ्यांच्याच बदल्या चालल्या होत्या, कोणी नागपूरकडे, कोणी भोपाळकडे. नवा साहेब अजून आला नव्हता. बाबूनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आप वही, बायको वाले?" मी परत आलो.

आता उपाय एकच. दार परत जुन्या जागी न्यायचं. गवंड्याच्या घरी गेलो तर तो असीरगढला लग्नाला गेलेला, चार दिवसांनी येणार. आणि मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी.

बायको समोरच्या दगडावर बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, मला रडणाऱ्या माणसाची समजूत घालता येते. ती नुसती भिंतीकडे पाहत होती. म्हणाली, "कार्तिकापर्यंत मिरच्यांत झोपायचं."

मी म्हटलं, "नाही तर वेध सोडून दे. एक खांबच तर आहे."

"मी जाणार नाही म्हणजे नाही. आणि तिकडं पण आता जाणार नाही."

"मग राहणार कुठं?"

"इथं. दगडावर."

खरंच सांगतो, मला भीती वाटली. ती बोलली की करायची. दोन्ही घरं सोडून ही बाई गल्लीत दगडावर संसार मांडेल आणि मला भाकरी घेऊन तिथं बसावं लागेल, असं डोळ्यांसमोर आलं.

सकाळी भटजी यायच्या आधी तासभर ती दगडावरून उठली. लुगड्याचा काष्टा कसला. गवंड्याची कुदळ भिंतीला टेकून ठेवलेली होती, ती उचलली आणि जुन्या दाराच्या बुजवलेल्या जागेवर घातली. गारा आतून ओलाच होता. तीन विटा एकदम खाली आल्या. "बघत काय उभे?" ती म्हणाली. मग मी विटा ओढायला लागलो. चाचा आले, टोपी काढून ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "हटो, तुमसे नहीं होगा." त्यांच्याकडूनही फारसं झालं नाही, पण बोलायला आवाज जोरदार होता.

भटजी आले तेव्हा भिंतीत एक माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं होतं. ना चौकट, ना फळ्या.

"हे काय?" भटजी म्हणाले.

"दार," बायको म्हणाली.

"आणि ते पलीकडे आहे ते?"

"ते पण दार."

"वेध मुख्य दाराचा धरतात. मुख्य दार कोणतं?"

"मी ज्यातून जाते ते," ती म्हणाली. कपाळावर माती, हातात कुदळ. भटजींनी कुदळीकडे पाहिलं आणि होकार दिला. पण उंबरा पाहिजे, उंबऱ्याशिवाय प्रवेश नाही, ह्यावर ते अडून बसले. उंबरा पलीकडच्या चौकटीत पक्का बसलेला. घड्याळ पुढं चाललेलं.

चाचा घरात गेले आणि मागाची एक जुनी लाकडी फळी घेऊन आले. चाळीस वर्षं सूत घासून ती आरशासारखी गुळगुळीत झाली होती. "यह चलेगी?" भटजींनी फळी उलटी-सुलटी करून पाहिली, नाक खाजवलं आणि म्हणाले, "लाकूड चांगलं आहे." बायकोनं तिला हळदीकुंकू लावलं, भगदाडात आडवी ठेवली, डोक्यावर कलश घेतला आणि वाकून आत गेली. कलश वरच्या विटेला लागला, थोडं पाणी तिच्या पाठीवर सांडलं. मी मागून देव घेऊन गेलो आणि डोकं आपटून घेतलं. झाली घरभरणी.

दहा वाजता भाऊ-वहिनी आले. वहिनी भगदाडापाशी थबकल्या. बायको आतून धावत आली आणि गोड आवाजात म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही इथून नका येऊ, लुगडं मळेल. तिकडून या ना, ते दार मोठं आहे." वहिनी खूश होऊन खांबाला वळसा घालून मोठ्या दारानं आत आल्या. मी बायकोकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलत होते. आता सांगायला हरकत नाही, वहिनींना काही झालं नाही. पुढं कितीतरी वर्षं त्या ठणठणीत होत्या, आणि ते दार होतं तोवर दर खेपेला त्यातूनच यायच्या. दोन महिन्यांनी मी तिथं खिडकी करून घेतली तेव्हा त्यांना वाईटही वाटलं.

दिवे लागायच्या वेळी पाहुणे गेले. चुलीपाशी बत्ती लावली. बायको पाटावर बसली, मी भिंतीला टेकलो. मी तिला धूलकोटची एक गंमत सांगायला लागलो, तिच्या भावाच्या बैलाची. तशी फालतूच गोष्ट होती. मध्यापर्यंत आलो आणि सवयीनं थांबलो.

"थांबलात का?" ती म्हणाली.

"तू उठशील म्हणून."

"कुठं जाऊ? कोणी बोलवत नाही."

दोघंही कान देऊन बसलो. खरंच कोणी बोलवत नव्हतं. मग मी ती बैलाची गोष्ट सांगितली. सहा वर्षांत पहिल्यांदा माझी गोष्ट शेवटपर्यंत गेली. ती संपल्यावर बायको म्हणाली, "हीच का? मला वाटलं पुढं काही असेल."